दुर्मिळतेच्या आडोशाला

केरळातून अधूनमधून एक बातमी येते. तळ्यात पोहून आलेला मुलगा, ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, बेशुद्धी आणि आठवड्याभरात मृत्यू. मथळ्यात ‘मेंदू खाणारा अमिबा’ असतो. वाचणारा हादरतो, चार दिवस मुलांना पाण्यापासून लांब ठेवतो आणि विसरतो. त्याच बातमीच्या शेवटी कुणी जाणकार सांगतो, की हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, घाबरण्याचे कारण नाही. ही भीती आणि हा दिलासा, दोन्ही मला सारखेच उथळ वाटतात. दोन्हींच्या तळाशी एकच समजूत आहे: हे संकट अंगावर वीज कोसळावी तसे येते, त्यात कुणाचे काही चुकत नाही आणि कुणाला काही करता येत नाही.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. मथळ्यातला नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा निसर्गातला आहे. पण तो कोणत्या पाण्यात बळावतो, कुणाच्या नाकापर्यंत पोहोचतो आणि रुग्णालयात वेळेवर ओळखला जातो की नाही, हे बऱ्याच अंशी आपली व्यवस्था ठरवते. त्याची दुर्मिळतासुद्धा पुरती खरी नाही. तिचा काही भाग आपण न पाहिल्यामुळे तयार झाला आहे. म्हणून हा विषय चमत्कारिक बातम्यांच्या रकान्यातून काढून पाणीपुरवठा आणि रोगनिदान यांच्या खात्यावर मांडला पाहिजे.

आधी तो जीव

गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत मोकळा राहणारा हा एकपेशी जीव बॅक्टेरिया खाऊन जगतो. जगण्यासाठी त्याला माणूस लागत नाही. परिस्थिती अनुकूल असली की तो सरपटणाऱ्या अमिबाच्या रूपात असतो आणि खातो, वाढतो. अन्न आटले की काही काळ शेपट्या फुटलेला, पोहणारा जीव होतो. गारठा पडला की कवच धरून तळाच्या गाळात पडून राहतो. खाऱ्या समुद्रात तो टिकत नाही. उष्णता मात्र त्याला मानवते. ४६ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात तो वाढू शकतो.

हे पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला तो लागत नाही. पाणी नाकात वरपर्यंत चढले तरच धोका. तिथून वासाच्या मज्जातंतूंच्या मागाने, कवटीच्या तळाशी असलेल्या सच्छिद्र हाडातून, अमिबा मेंदूत उतरतो. लक्षणे साधारण पाच दिवसांनी दिसतात आणि त्यानंतर साधारण पाच दिवसांत रोगी दगावतो. अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात १६४ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले चार वाचले.

केरळात सापडलेल्या रुग्णांमध्ये अकँथअमीबासारखे दुसरे अमिबाही आहेत. त्यांचा आजार संथपणे वाढतो, त्वचेतून किंवा फुफ्फुसातूनही शिरतो आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांना जास्त गाठतो. हा फरक पुढे एका ठिकाणी महत्त्वाचा ठरणार आहे.

१. मोजले नाही ते दुर्मीळ

हा आजार १९६५ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नजरेस आला. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या बालरुग्णालयातले माल्कम फाउलर आणि रॉडनी कार्टर यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत अमिबा पाहिला. पुढे फाउलर यांच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. पण १९६५ पूर्वी तो माणसे मारत नव्हता का? अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात जुन्या शवविच्छेदनांतले जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा १९३७ चा एक मृत्यू याच अमिबाचा निघाला. म्हणजे जवळजवळ तीन दशके पुरावा कपाटात होता आणि आजार जगात ‘नव्हता’.

याहून बोलके उदाहरण चेकोस्लोव्हाकियातले आहे. उस्ती नाद लाबेम या शहरात १९६२ ते १९६५ दरम्यान १६ तरुण मुलेमुली मेंदूच्या दाहाने गेली. कारण नंतर, जुन्या नोंदी आणि नमुने नव्याने पाहिल्यावर कळले. सगळे एकाच बंदिस्त तरणतलावात पोहलेले होते. त्या तलावाच्या एका भिंतीआड पोकळी होती, तिथे कोमट पाणी साचून राहत होते आणि अमिबा तिथेच पोसला जात होता. सोळा मृत्यू, एक शहर, एक तलाव. तरी घडत असताना कुणाला धागा जुळवता आला नाही. मेंदूच्या दाहाचे निदान झाले की तपास तिथेच थांबतो, कारण आजाराला नाव मिळालेले असते.

आपल्याकडे हे आणखी सहज घडते. भारतात मेंदूज्वराच्या रुग्णांपैकी मोठ्या हिश्श्याचे नेमके कारण शेवटपर्यंत सापडत नाही. रुग्णालयात दगावलेल्या माणसाचे शवविच्छेदन गुन्ह्याचा संशय नसेल तर क्वचितच होते. महाराष्ट्राला तर याचा स्वतःचा अनुभव आहे. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात १९६५ मध्येच एक नवा विषाणू सापडला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन संस्थेने त्याला गावाचेच नाव दिले. तो मुलांचा मेंदूज्वर घडवून मोठ्या प्रमाणावर जीव घेऊ शकतो, हे मात्र २००३ च्या आंध्र आणि महाराष्ट्रातल्या साथीत लक्षात आले. विषाणू हाती असून मधली अडतीस वर्षे गेली. मग अमिबाबद्दल आपल्या राज्याची पाटी जवळजवळ कोरी दिसते, ती खरोखर तशी आहे असे कशाच्या बळावर म्हणायचे?

केरळने पाहायला सुरुवात केली आणि आकडे बदलले. २०१६ ते २०२३ या वर्षांत तिथे जेमतेम आठ रुग्ण नोंदले गेले होते. २०२४ मध्ये ३६ झाले, त्यांतले ९ दगावले. २०२५ च्या सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ६९ रुग्ण आणि १९ मृत्यू झाले. पाण्यात खरोखर काही बदलले असेल, ती शक्यता मी नाकारत नाही. पण त्याच काळात तपासणीची पद्धत बदलली, हे निश्चित आहे. २०१८ च्या निपाह विषाणूच्या तडाख्यानंतर तिथली यंत्रणा मेंदूज्वराकडे बारकाईने पाहू लागली. २०२४ मध्ये राज्याने या आजाराची स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढली आणि मेंदूज्वराच्या रुग्णांत अमिबा शोधण्याची शिस्त लावली. शेजारच्या राज्यांतली तळी केरळातल्या तळ्यांपेक्षा थंड नाहीत. तिथे रुग्ण नाहीत, हे मला तरी पटत नाही.

२. मृत्यूदर कुणाचा?

हा आजार झाला की सुटका नाही, ही दुसरी समजूत. आकड्यांवरून ती रास्त वाटते. पण वाचलेल्यांच्या कहाण्या जवळून पाहिल्या, तर त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत घड्याळ महत्त्वाचे ठरले आहे. अमेरिकेत आर्कान्सॉ राज्यातली बारा वर्षांची मुलगी २०१३ मध्ये बरी झाली. तिचे निदान लक्षणे दिसल्यापासून सुमारे ३० तासांत झाले होते आणि ३६ तासांच्या आत उपचार सुरू झाले होते. २०२४ च्या जुलैत कोळिकोड जिल्ह्यातला चौदा वर्षांचा मुलगा बरा झाला. त्याच्याही बाबतीत संशय लवकर आला आणि औषध लवकर मिळाले.

मग निदान उशिरा का होते? पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी प्रयोगशाळेत येते. त्यात पांढऱ्या पेशी भरपूर, साखर कमी, प्रथिने जास्त. हे चित्र बॅक्टेरियाने होणाऱ्या दाहाचे आहे, म्हणून प्रतिजैविके सुरू होतात. रंग देऊन स्लाइड पाहिली तर बॅक्टेरिया दिसत नाहीत, आणि ‘आधी औषधे घेतली असतील म्हणून दिसत नसतील’ असे म्हणून विषय मिटतो. अमिबा त्याच नमुन्यात असतो. पण रंगवण्याच्या प्रक्रियेत तो मोडतो, नाहीतर पांढऱ्या पेशीसारखाच दिसतो. त्याला पकडायचे तर नमुना फ्रिजमध्ये न ठेवता, ताजा आणि कोमट असतानाच, एक थेंब काचेवर घेऊन काहीही न मिसळता सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि पाहत राहायचे. पांढऱ्या पेशी स्वस्थ पडून असतात. अमिबा एका बाजूने फुगवटा काढतो आणि सगळे अंग त्या फुगवट्यात ओततो, पुन्हा काढतो, पुन्हा ओततो. ही हालचाल एकदा पाहिलेला तंत्रज्ञ ती विसरत नाही. या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. लागते ती ‘हा असू शकतो’ ही शंका. आणि आजार अतिदुर्मीळ आहे असे ज्याच्या मनावर बिंबवले आहे, त्याला ती शंका येत नाही. दुर्मिळतेची समजूत निदान टाळते आणि टळलेले निदान पुन्हा दुर्मिळतेला दुजोरा देते.

औषधाचेही असेच. या आजारात इतर औषधांबरोबर वापरले जाणारे मिल्टेफोसिन भारताला नवखे नाही. काळा आजारासाठी ते आपल्याकडे २००२ पासून मान्यताप्राप्त आहे. तरी २०२४ मध्ये केरळला ते जर्मनीहून मागवावे लागले. ज्या आजारात दिवस नव्हे तर तास मोजायचे, त्यात औषध खंड ओलांडून येणार असेल तर मृत्यूदराचा सगळा दोष अमिबाच्या माथी मारता येत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायला हवी. केरळातले मृत्यूचे प्रमाण सुमारे पाव आहे आणि अमेरिकेतले ९७ टक्क्यांच्या वर. ही दोन टोके थेट समोरासमोर ठेवणे बरोबर नाही. केरळच्या यादीत वेगवेगळे अमिबा आहेत, अमेरिकेच्या यादीत एकच. केरळचे सगळे यश लवकर निदानाचे, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण ते दुसरे अमिबाही आजवर बहुतेकदा जीवघेणेच ठरले आहेत. लवकर शोधल्याने माणसे वाचतात एवढा निष्कर्ष त्या यादीतून नक्की निघतो.

३. हवामानाला बोल लावून सुटका नाही

आजकाल तिसरे उत्तर तयार असते: तापमानवाढ. ते खोटे नाही. अमेरिकेत दक्षिणेचा मानलेला हा आजार २०१० मध्ये उत्तरेकडच्या मिनेसोटात एका तळ्याशी संबंधित रुग्णात आढळला आणि २०१२ मध्ये त्याच तळ्याशी संबंधित दुसरा मृत्यू झाला. पण हे उत्तर अर्धेच आहे. ते सगळी जबाबदारी सबंध मानवजातीवर टाकते आणि गावच्या पाणीपुरवठ्याला मोकळे सोडते.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचे उदाहरण इथे निर्णायक आहे. पोर्ट ऑगस्टा हे रखरखीत प्रदेशातले गाव. मरे नदीचे पाणी तिथे जमिनीवरून टाकलेल्या लांबच लांब पाइपांतून येई. पाइप दिवसभर उन्हात तापत, वाटेत क्लोरीन उडून जाई आणि अमिबाला आयते घर मिळे. मुले तळ्यात न उतरता, घरच्या नळाच्या पाण्याने दगावली. तिथल्या यंत्रणेने मग काय केले? ऊन कमी करणे तिच्या हाती नव्हते. तिने पाइपलाइनच्या वाटेवर निर्जंतुकीकरणाची जास्त केंद्रे उभारली, टिकाऊ असा क्लोरॅमाइन वापरला आणि पाण्यात अमिबा आहे का हे नेमाने तपासत राहिली. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८१ नंतर या आजाराचा रुग्ण नाही. तिथला उन्हाळा तर तेव्हापासून काही सौम्य झालेला नाही.

उलट बाजूही पाहा. कराचीत २००८ पासून रुग्ण सापडू लागले. त्यांतल्या अनेकांचा पोहण्याशी संबंध नव्हता. नमाजाआधी वजू करताना नळाचे पाणी नाकात घेतलेले होते आणि त्या पाण्यात क्लोरीन पुरेसे नव्हते. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोघेजण जलनेतीच्या भांड्यात नळाचे पाणी वापरून दगावले. २०१३ मध्ये तिथेच घराच्या अंगणात पाण्याशी खेळलेला चार वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर त्या राज्याने नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन राहिलेच पाहिजे असा नियम केला. आपल्या भारतीय मानकात ग्राहकाच्या टोकाला हे प्रमाण किमान ०.२ मिलिग्रॅम आहे, आणि तेवढे तरी किती नळांना असते?

महाराष्ट्रात यासाठीची यंत्रणा कागदावर आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. टाकीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकायची, मग नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) थेंब टाकून पाणी पिवळे होते का ते पाहायचे आणि वहीत नोंद करायची, हे त्याचे काम. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे कार्डही दिले जाते. रचना उत्तम आहे. पण टीसीएलचे पोते ओलसर खोलीत तोंड उघडे ठेवून पडलेले असले तर ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के असलेले क्लोरीन हवेत जाते आणि मागे पांढरी भुकटी राहते. ती टाकली तरी ओटीचा रंग येत नाही. त्यात पाणी दिवसाआड, काही ठिकाणी आठवड्याने येते. मधले दिवस ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत उन्हात तापते. क्लोरीन संपलेले, गाळ बसलेला, तापमान चाळिशीच्या आसपास. पोर्ट ऑगस्टाचे पाइप आठवले की आपल्या गच्च्यांकडे निश्चिंत मनाने पाहता येत नाही.

४. तळ्यांचे काय?

नळाच्या पाण्याला जो न्याय तो तळ्याला लागू होत नाही. तळे निर्जंतुक करता येत नाही आणि करूही नये. मासे, बेडूक, शेवाळ, हजारो सूक्ष्मजीव यांच्यासकट ते तळे असते.

इथे एक शास्त्रीय तर्क फार मोलाचा वाटतो. ग्रिफिन या संशोधकाने १९८३ मध्ये तो मांडला. भरल्या तळ्यात बॅक्टेरिया खाणारे इतर असंख्य जीव असतात आणि त्यांच्या स्पर्धेत नेग्लेरिया फाउलेरी मागे पडतो. पाणी अतोनात तापले किंवा तळ्याची घडी विस्कटली की हे स्पर्धक मरतात. रिकाम्या झालेल्या जागेत शेपट्या फुटून पोहू शकणारा हा जीव आधी पोहोचतो. वीजकेंद्रांनी सोडलेल्या गरम पाण्यात तो वारंवार सापडला आहे, ते या तर्काशी जुळते. हा तर्क बरोबर असेल तर तळ्याचे जिवंतपण हीच आपली एक संरक्षक भिंत आहे. काठ सिमेंटने बांधून, झाडे तोडून, पाणी उथळ आणि साचलेले करून आपण ती पाडतो. सुशोभीकरणाच्या निविदा काढणाऱ्यांनी याचा विचार करावा असे मला कळकळीने वाटते.

आणि स्वच्छ दिसणारे पाणी सुरक्षित, हीसुद्धा चुकीची खात्री. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या प्राचीन रोमन स्नानगृहात गरम झऱ्याचे पाणी येते. तिथे पोहलेली एक मुलगी १९७८ मध्ये या आजाराने गेली आणि तेव्हापासून तिथले पोहणे बंद झाले. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना जाणाऱ्यांनी कुंडात जरूर उतरावे, डोके मात्र पाण्याबाहेर ठेवावे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप वजनदार आहे. भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात, अतिसार आजही मुले नेतो. मग मूठभर मृत्यूंवर पैसा का घालायचा? यासाठी वेगळा पैसा मागितला असता तर आक्षेप मान्य करावा लागला असता. पण जे क्लोरीन या अमिबाला मारते तेच कॉलराच्या जंतूंना मारते. मेंदूज्वराच्या प्रत्येक रुग्णाचा कसून शोध घेतला तर चांदीपुरा, जपानी मेंदूज्वर, क्षय, सगळेच लवकर सापडतील. अमिबा इथे निमित्त आहे. पाणीपुरवठ्यातली कुठली कडी तुटली आहे ते तो फार मोठी किंमत वसूल करून दाखवतो.

दुसरा आक्षेप असा, की अशा लेखनाने लोक पोहणे सोडतील आणि गावची तळी ओस पडतील. ही भीती मलाही आहे. पोहणे न येणारी पिढी वाढली तर बुडणारे वाढतील, आणि ज्या तळ्यात कुणी उतरत नाही त्याची निगाही कुणी राखत नाही. पण घबराट पसरते ती अर्धवट माहितीने. नेमकी माहिती फार थोडी आहे: ऐन उन्हाळ्यात आटलेल्या, गरम, उथळ पाण्यात सूर मारू नका, तळचा गाळ ढवळू नका, नाक चिमटीत धरा किंवा नाकाची क्लिप लावा, आणि पोहल्यावर पंधरवड्याच्या आत ताप आणि जबर डोकेदुखी आली तर डॉक्टरला ‘मी पाण्यात उतरलो होतो’ हे आपण होऊन सांगा. विहिरीत गठ्ठ्यांनी उड्या मारणाऱ्या पोरांना यातले एकही वाक्य अवघड नाही.

तिसरा आक्षेप जलनेती करणाऱ्यांकडून येईल: आम्ही मीठ घालतो, कोमट पाणी घेतो, वर्षानुवर्षे काही झाले नाही. नेतीसाठी घालतात तेवढ्या मिठाने या अमिबाच्या नाशाची हमी मिळत नाही, आणि गिझरचे कोमट पाणी तर त्याच्या आवडीचे. पाणी एक मिनिट खळखळून उकळा, झाकून कोमट होऊ द्या, मग नेती करा. परंपरेला यात कुठेही धक्का लागत नाही.

शेवटचा आक्षेप सरकारी आहे: आपल्या राज्यात रुग्ण नाहीत, मग सूचना कशाला काढायच्या? केरळनेही २०१६ पर्यंत हेच म्हटले असते. पाठीतले पाणी काढण्याची आणि सूक्ष्मदर्शकाची सोय आपल्या जिल्हा रुग्णालयांत आहे. बॅक्टेरिया न दिसणाऱ्या प्रत्येक पुवाळ नमुन्याची ताजी, न रंगवलेली स्लाइड पाहावी, असा एका पानाचा आदेश आरोग्य खात्याला काढता येईल. तंत्रज्ञांना ती हालचाल दाखवणारी चित्रफीत देता येईल. रुग्णाच्या केसपेपरवर ‘गेल्या पंधरा दिवसांत पाण्यात उतरला होता का, नाकात पाणी घेतले होते का’ हे दोन प्रश्न छापता येतील. आणि प्रत्येक महसूल विभागातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मिल्टेफोसिनच्या काही पट्ट्या ठेवता येतील, म्हणजे निदान झाल्यावर औषध काही तासांत रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचेल.